आवाजाची नोकरी

नाशिककरांना विमानांचा आवाज नवा नाही. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत ओझर आहे. तिथल्या विमान कारखान्याची सुरुवात १९६४ सालची. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले आणि पुढे रशियाच्या सहकार्याने मिग विमानांचा कारखाना ओझरला उभा राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीने मिगचा आवाज ऐकला, आम्ही सुखोईचा ऐकतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला तयार झालेल्या पहिल्या तेजसने इथूनच झेप घेतली. वर्गात शिकवताना एखादे लढाऊ विमान डोक्यावरून गेले की मी वाक्य अर्धे सोडून थांबते. मुले खिडकीकडे पाहतात. आवाज विरला की पुढचा शब्द.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायलट येतो. पायलटशी जमिनीवरून कोणीतरी सतत बोलत असते, त्याला उठ-बस सांगत असते, हे आपल्याला ठाऊक असते. पण ते काम कोण करते, ते शिकायला काय लागते, आपल्या मुला-मुलींना ते करता येईल का, याची चर्चा आपल्या घरांत क्वचितच होते. माझ्याही डोक्यात हा विषय कधी आला नव्हता. तो आणला माझ्या एका माजी विद्यार्थिनीने.

ती आमच्या शाळेतून दहावी झाली, नंतर फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली. वडील गॅरेज चालवतात, आई घरी शिवणकाम करते, आणि घरात दादी आहेत, ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलत नाही. एके दिवशी मुलगी शाळेत येऊन म्हणाली, "आपा, मला हवाईदलात जायचंय. एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये. घरी समजावून सांगा ना." दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. "आपा, एकदा घरी या. मुलीला जरा समजवा. ती तुमचंच ऐकते." म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावले होते, आणि दोघांनाही मी त्यांच्याच बाजूने बोलेन असे वाटत होते.

मी म्हटले, जाईन, पण पंधरा दिवसांनी. ज्या कामाबद्दल आपल्याला माहिती नाही त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायचे कसे? त्या पंधरा दिवसांत मी जे वाचले, समजून घेतले आणि नंतर त्या घरात जे बोलणे झाले, ते इथे मांडते. कदाचित तुमच्याही घरात अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल.

आधी काम काय ते पाहू. रस्त्यावर गाड्यांना लाल दिवा दाखवून थांबवता येते. विमानाला हवेत थांबवता येत नाही. ते पुढे जातच राहणार आणि त्याचे इंधन संपतच राहणार. म्हणून प्रत्येक विमानाला स्वतःची उंची, स्वतःची दिशा आणि स्वतःची वेळ द्यावी लागते, आणि दोन विमानांत ठरलेले अंतर राखावे लागते. टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक धावपट्टी आणि आसपासचे आकाश डोळ्यांनी पाहतो. रडारसमोर बसलेला नियंत्रक लांबून येणाऱ्या विमानांना एकामागोमाग एक रांगेत आणतो. पायलटला फक्त आपल्या पुढचे दिसते. सगळ्यांचे मिळून चित्र जमिनीवरच्या माणसाकडे असते.

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट मला यात सापडली. धावपट्टीच्या टोकांवर मोठे आकडे लिहिलेले असतात. पुण्याच्या धावपट्टीवर एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा. १०० अंशांतले शेवटचे शून्य काढले की १०, २८० मधले काढले की २८. दोन टोके एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून दोन आकड्यांत नेहमी अठराचा फरक. सहावीच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळते.

आता लष्कराचा संबंध कुठे येतो? पुण्याचा लोहगावचा तळ हवाईदलाचा आहे. प्रवासी टर्मिनल वेगळे असले तरी धावपट्टी आणि नियंत्रण हवाईदलाकडे. तुम्ही कधी पुण्याहून दिल्लीला किंवा बंगळूरला विमानाने गेला असाल, तर तुमच्या विमानाला "आता उडा" असे सांगणारा आवाज गणवेशातल्या नियंत्रकाचा होता. गोव्यात दाबोळीला हेच काम नौदल करते. अशा तळावर एकीकडे दीड-दोनशे प्रवासी घेऊन आलेले विमान असते आणि दुसरीकडे सरावाहून परतणारी सुखोईची जोडी. लढाऊ विमानाचा वेग जास्त, आणि परत येताना इंधन मोजकेच उरलेले. कोणाला आधी उतरवायचे, कोणाला दहा मिनिटे घिरट्या घालायला लावायच्या, हे काही सेकंदांत ठरवावे लागते. आपण प्रवासी म्हणून खिडकीशी बसून चिडतो, "विमान अजून का सुटत नाही?" त्या वेळी कोणीतरी आपल्यासाठी आणि दुसऱ्या कोणासाठी तरी हिशेब करत असते.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती या लोकांच्या बोलण्याची. जगभर विमानांशी बोलण्याची एक ठरीव इंग्रजी आहे. त्यात अक्षरे ए, बी, सी अशी म्हणत नाहीत. अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात, कारण खरखरणाऱ्या रेडिओवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात. आकडे सुटे-सुटे उच्चारतात. अठ्ठावीसला 'टू एट'. नऊला 'नाइन' म्हणत नाहीत, 'नाइनर' म्हणतात, म्हणजे पाचाशी गल्लत होऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की नियंत्रकाने दिलेली सूचना पायलटने परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

आपल्या घरांत हे कोणाला वेगळे समजावून सांगायला नको. लहानपणी सबक असाच घेतला आहे. उस्तादांनी सांगितले, आपण परत म्हटले, एक जबर-जेर चुकला तर उस्तादांनी तिथेच थांबवले. "समजलं" म्हणून पुढे जाता येत नसे. म्हणून दाखवावे लागे.

हा नियम माणसांच्या जिवांची किंमत देऊन पक्का झाला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. एका विमानाच्या पायलटने आपण निघतो आहोत अशा अर्थाचे काहीतरी मोघम म्हटले, नियंत्रकाला वाटले की ते निघण्याच्या तयारीत उभे आहेत, आणि त्याने "ओके" म्हटले. पुढचे "थांबा" हे शब्द रेडिओच्या शिट्टीत बुडाले, कारण त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचा पायलटही बोलत होता. त्यानंतर नियम कडक झाले. आज 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरतात. बाकी सगळ्या वेळी दुसरा शब्द. एका शब्दावर इतका पहारा मी फक्त शायरीच्या उस्तादांकडे पाहिला होता.

दुसरी दुर्घटना आपल्या देशातली, आणि आपल्या वाचकांतल्या अनेकांना ती आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो विमान उडाले. त्यात नोकरीसाठी आखाताकडे निघालेले कितीतरी लोक होते. समोरून कझाकस्तानचे विमान दिल्लीला उतरायला येत होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमाने धडकली. ३४९ जण होते, एकही वाचला नाही. चौकशीत कझाक विमानाची चूक निघाली. त्यांच्या चालकांना इंग्रजी नीट कळत नव्हते, हेही पुढे आले. नियंत्रकाने समोरून विमान येत असल्याचे सांगितले होते. पण दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. आणि दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाईदलासाठी राखलेले असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवासी विमानांना एकच अरुंद वाट मिळे.

त्या अपघातानंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारी रडार बसली आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. आकाशाची ही वाटणी आजही चालूच असते. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले होते, की देशाचे फक्त ६० टक्के आकाश प्रवासी विमानांना मोकळेपणे वापरता येते. उरलेल्याचा काही भाग गरजेप्रमाणे उघडायचा आणि बंद करायचा, तर नागरी नियंत्रक आणि लष्करी नियंत्रक यांना एकमेकांशी रोज बोलावे लागते.

एवढे वाचून झाल्यावर माझ्यासमोर २७ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आली. नाशिकच्या माणसाला ती विसरता येत नाही. बालाकोटनंतरचा दिवस. सकाळी नियंत्रण रेषेजवळ दोन्ही देशांची लढाऊ विमाने समोरासमोर आली होती. त्या दिवशी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे नाव घराघरांत पोहोचले. त्यांना जमिनीवरून रडारवर पाहून शत्रूच्या विमानांची माहिती देणारा आवाज एका स्त्रीचा होता: स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल. त्या फायटर कंट्रोलर. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर झाले. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. फायटर कंट्रोलर आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर ही हवाईदलात एकाच प्रशासन शाखेतली दोन कामे. एकाचे काम आपल्या विमानाला शत्रूपर्यंत नेणे, दुसऱ्याचे काम विमानांना एकमेकांपासून दूर राखून सुखरूप उतरवणे.

त्याच सकाळी, दहाच्या सुमारास, श्रीनगरच्या तळावरून उडालेले एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. त्यातले सहाही हवाईसैनिक गेले. त्यांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. खाली जमिनीवर एक स्थानिक काश्मिरी तरुणही मृत्युमुखी पडला. मांडवगणे यांचे पार्थिव नाशिकला आले तेव्हा सारे शहर रस्त्यावर आले होते. पुढे चौकशीत जे निघाले ते ऐकायला फार जड होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. विमान आपले की परके हे ओळखणारी यंत्रणा हेलिकॉप्टरवर बंद होती, आणि जमिनीवरचे लोक व हेलिकॉप्टर यांच्यातला समन्वय तुटला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाईदल प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकारांसमोर, ही आपली मोठी चूक होती, असे मान्य केले. जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

मी ही तारीख त्या घरी सांगावी की नाही, यावर बराच विचार केला. आईवडील आधीच घाबरलेले. मुलीने गळ घातली होती, "आपा, ते नका सांगू." पण मला वाटले, एखाद्या नोकरीबद्दल सांगायचे तर पूर्ण सांगावे. पदक मिळालेला आवाज आणि वेळेवर न पोहोचलेला निरोप, दोन्ही त्याच दिवसाचे. ही मुलगी ज्या खुर्चीवर बसायला निघाली आहे, तिथे बसणाऱ्याच्या हातात दुसऱ्यांची मुले असतात. त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: अमानत.

मग मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, आणि वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो तुमच्याही मनात असेल. "आपा, हमारी लड़की को लेंगे क्या?"

भेदभाव कुठे नसतोच, असे मी म्हटले नाही. म्हटले असते तर त्यांनी पुढचे काही ऐकलेच नसते. गॅरेजसाठी दुसरीकडे जागा शोधताना नाव ऐकून "सांगतो नंतर" म्हणणारे मालक त्यांना भेटले आहेत. मी त्यांना इद्रिस हसन लतीफ यांच्याबद्दल सांगितले. जन्म १९२३, हैदराबाद. १९४२ मध्ये हवाईदलात कमिशन. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा तिकडे जाण्याचा पर्याय त्यांच्यासमोर होता, त्यांचे मुस्लीम सहकारी गेलेही. ते भारतात राहिले. १९७८ ते १९८१ ते भारताचे हवाईदल प्रमुख होते. त्यानंतर १९८२ ते १९८५ या काळात ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. वडिलांना राज्यपाल लतीफ हे नाव लहानपणी ऐकल्याचे आठवले. ते हवाईदल प्रमुख होते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

एका माणसाच्या उदाहरणाने सगळ्यांचा रस्ता मोकळा होत नाही, हे खरे. म्हणून मी निवडीची पद्धतही सांगितली. हवाईदलाची अ‍ॅफकॅट नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. प्रशासन शाखेसाठी कोणत्याही विषयातली पदवी चालते, ६० टक्के गुण हवेत, वय २० ते २६. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोर काही दिवस चाचण्या: मानसशास्त्रीय चाचणी, गटात करायची कामे, मुलाखत. मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाईदल अकादमीत साधारण वर्षभर प्रशिक्षण. फॉर्म न भरणाऱ्याला कोणतेही मंडळ घेऊ शकत नाही, एवढे मी वडिलांना म्हटले. ते हसले नाहीत, पण गप्प झाले.

दादींचा प्रश्न लढाईचा होता. त्यांनी टीव्हीवर नाशिकच्या मुलाची अंत्ययात्रा पाहिली होती. मी सांगितले, की नियंत्रकाचे काम जमिनीवरचे, पण तळ लष्कराचा. धोका नाही असे म्हणता येणार नाही. दादी बराच वेळ तस्बीह फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "जिसका बच्चा ऊपर है, उसकी माँ के दिल को नीचे वाले का ही सहारा है." माझ्या पंधरा दिवसांच्या वाचनात मला हे इतक्या थोडक्यात मांडता आले नव्हते.

आईचा प्रश्न कपड्यांचा आणि लग्नाचा होता. कपड्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून सरळ बोलले. गणवेशाचे नियम सगळ्यांना सारखे. हवाईदलातल्या एका जवानाने धार्मिक कारणासाठी दाढी ठेवण्याची परवानगी मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१६ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. म्हणजे आत गेल्यावर बघू, असे म्हणून जाण्याची ही जागा नाही. नियम आधी वाचायचे, घरात बोलायचे, मन पक्के असेल तरच फॉर्म भरायचा. आईने मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "अम्मी, मी वाचलेत. मी विचार केलाय." तिने काय ठरवले ते मी विचारले नाही. तो तिचा आणि तिच्या घरचा प्रश्न होता.

लग्नाबद्दल मी इतकेच सांगितले, की दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, आज पुणे तर उद्या आसाम. ज्या घरात देणार त्यांना हे आधी सांगावे लागेल. आणि एक व्यावहारिक बाब, जी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसते. ही भरती शॉर्ट सर्व्हिस कमिशनची असते: आधी दहा वर्षे, वाढवून चौदा. तेवढ्यावर सुटणाऱ्याला पेन्शन नाही. म्हणजे पस्तिशीच्या पुढे दुसऱ्या कामाची तयारी ठेवावी लागते. कायम नोकरीत घेण्याची वाट स्त्रियांना न्यायालयात जाऊन मिळवावी लागली. हवाईदलात स्त्री अधिकारी १९९३ पासून आहेत, पण कायम कमिशनचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी दिला, आणि त्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या अधिकारीही होत्या. वाट मिळाली म्हणजे प्रत्येकीला जागा मिळते असे नाही. तिथेही गुण पाहूनच निवड.

शेवटी मी वडिलांसमोर दुसरा पर्याय ठेवला. हेच काम गणवेशाशिवायही करता येते. भारतीय विमानतळ प्राधिकरण नागरी नियंत्रक घेते. त्यासाठी फिजिक्स आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग हवे, वय २७ पर्यंत. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच राज्यात गोंदियाला. मुंबईच्या टॉवरमध्ये बसून हजच्या विमानांनाही रस्ता देता येईल, असे मी म्हटले तेव्हा दादींचा चेहरा उजळला. वडिलांनाही हे पटले. सरकारी नोकरी, कायम, पोरगी जवळ.

मुलीला विचारले, तुला हे का नको? ती म्हणाली, "नको असं नाही, आपा. पण तिथं विमानं वेळापत्रकानं येतात. हवाईदलात सकाळी चार विमानं गेली आणि तीनच दिसायला लागली, तर चौथ्याला शोधून आणायचं असतं. मला ते करायचंय." बाविशीतल्या मुलीने हे इतके शांतपणे सांगितले, की वडील तिच्याकडे पाहतच राहिले. मला वाटते, आपली मुलगी इतके दिवस काय मागत होती, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

निर्णय त्या बैठकीत झाला नाही. आठवड्याने वडिलांचा फोन आला. म्हणाले, "दोन्ही फॉर्म भरायला सांगितलंय. जिथं नशीब." आता ती रोज पहाटे उठून अभ्यास करते. वडील संध्याकाळी गॅरेजमधल्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवतात आणि ती ते टॉवरच्या भाषेत म्हणते. एमएच १५ म्हटले की माइक, होटेल, वन, फाइव्ह. वडिलांनाही सगळी अक्षरे पाठ झाली आहेत. निकाल यायचा आहे. यादीत नाव येईल की नाही, मला सांगता येत नाही, आणि तिलाही नाही.

वाचकांना काही गोष्टी आवर्जून सांगते. मूल आठवी-नववीत असेल तर गणित आणि फिजिक्सची भीती आत्ताच घालवा. नागरी नियंत्रक व्हायचे तर त्यांच्याशिवाय दार उघडत नाही. मूल उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकत असेल तर इंग्रजी बोलण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे करून घ्या. अलंकारिक इंग्रजी नको. स्पष्ट, थोडे आणि न घाबरता बोललेले पुरे. घरात निरोप देताना परत म्हणवून घेण्याची सवय लावा: "काय सांगितलं मी?" मुलगी दहावीत असेल आणि सैन्यदलात जाण्याची तिची इच्छा असेल, तर नाशिकमध्येच मुलींसाठी शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून सुरू झाली आहे, तिची प्रवेश परीक्षा कधी असते त्याची चौकशी करा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

आणि जे ठरवाल ते मुलीला समोर बसवून ठरवा. त्या घरात तीन महिने दोन्ही बाजू माझ्यामार्फत बोलत होत्या. समोरासमोर बसल्यावर काम एका संध्याकाळचे निघाले.